डिंक, निळें कापड आणि मॉरिटानिया



थंडीचे दिवस आले कीं आपल्याकडे घरोघरीं डिंक तळला जातो आणि लाडवांचा डबा फळीवर चढतो. वाण्याकडून पुडीभर डिंक आणतांना हा पदार्थ इतिहासाशीं कांहीं संबंध ठेवीत असेल, असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु झाडाच्या सालींतून पाझरणाऱ्या या चिकट रसासाठीं युरोपांतील राष्ट्रांनीं एकमेकांवर आरमारें धाडलीं आहेत. आणि त्याच रसाच्या मोबदल्यांत, आपल्या पूर्व किनाऱ्यावर विणलेलें व रंगविलेलें निळें कापड शंभरांहून अधिक वर्षें आफ्रिकेच्या वाळवंटांत पैशासारखें चाललें आहे. हें जेथें घडलें त्या देशाचें नांव मॉरिटानिया. त्याचीच हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

आफ्रिकेच्या नकाशावर पश्चिमेकडील फुगवट्याकडे पाहावें. सहारा वाळवंट जेथें अटलांटिक महासागराला भिडतें, तेथें हा देश पसरला आहे. त्याचा विस्तार दहा लक्ष चौरस किलोमीटरांहून कांहींसा अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा. आणि वस्ती मात्र पन्नास लाखांच्या आसपास. दक्षिणेच्या सीमेवरून सेनेगल नदी वाहते. तिच्या कांठीं शेती आहे, मासेमारी आहे, गजबजलेलीं गांवें आहेत. नदी सोडून उत्तरेकडे चालूं लागलें म्हणजे प्रथम कांटेरी झुडुपांचा व विरळ गवताचा पट्टा लागतो, आणि त्याच्या पलीकडे वाळू, खडक व तुरळक खजुरीचीं बनें. फ्रेंच राज्यकर्त्यांच्या दप्तरांत हा मुलूख पुष्कळ काळ केवळ एक रिकामी जागा म्हणून वावरला. तो रिकामा नव्हता, हेंच आजच्या कथेचें सार आहे.

या समाजाची घडण ध्यानांत घेतल्यावांचून पुढील इतिहास उमगणार नाहीं. वाळवंटांत फिरणाऱ्या अरबीभाषी मूर लोकांत दोन कुळगट श्रेष्ठ मानले जात. एक हसन, हे शस्त्रधारी, लढवय्ये आणि कर वसूल करणारे. दुसरे झवाया, हे विद्याव्यासंगी, धर्मशास्त्र जाणणारे, आणि त्याचबरोबर गुरें, विहिरी व व्यापार यांचे धनी. शिंगेती, वलाता यांसारख्या जुन्या गांवांत हस्तलिखितांचे संग्रह जतन झाले ते अशाच विद्वान घराण्यांमुळें. या दोघांच्या खालीं करभार देणारीं कुळें, लोहार व गवई. त्यांच्याहि खालीं हरातीन, म्हणजे दास्यांतून सुटलेले लोक. आणि सर्वांच्या तळाशीं दास. दास बहुतेक दक्षिणेकडून धरून वा विकत आणलेले, किंवा दासींच्या पोटीं जन्मलेले. नदीकांठीं हालपुलार, सोनिंके व वोलोफ या कृष्णवर्णी शेतकरी समाजांचीं स्वतःचीं गांवें होतीं. आपल्या वर्णव्यवस्थेची आठवण श्रोत्यांना होईल. परंतु साम्य फार ताणूं नये. तेथें सर्वांचा धर्म एकच होता, आणि तरीहि माणसाची किंमत जन्मावरून ठरत होती, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

हसन आणि झवाया यांच्यांतील ही वांटणी एका युद्धानें पक्की झाली, अशी तेथील परंपरा सांगते. नासिर अल्-दीन नांवाच्या झवाया पुढाऱ्यानें धर्मराज्य स्थापन करण्यासाठीं शस्त्र उचललें आणि १६७४ सालीं तो रणांत पडला. आपणां मराठी लोकांस १६७४ हें साल वेगळें सांगावयास नको. त्याच वर्षीं रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा झाला. आणि त्याच सुमारास कोरोमांडल किनाऱ्यावर फ्रान्स्वा मार्तें नांवाचा फ्रेंच गृहस्थ पाँडिचेरीच्या वखारीचा पाया घालीत होता. या घटना परस्परांपासून सर्वस्वीं अलग वाटतात. परंतु मार्तेंची वखार आणि नासिर अल्-दीनचें वाळवंट यांची पुढें गांठ पडावयाची होती.

ती गांठ डिंकानें घातली. सेनेगल नदीच्या उत्तरेस बाभळीच्या कुळांतील एक कांटेरी झाड वाढतें. पावसाळा सरून वाळवंटाकडील कोरडा, भाजून काढणारा वारा सुटला म्हणजे त्याची साल तडकते, आणि भेगांतून रस बाहेर येऊन त्याचे गोळे वाळतात. हे गोळे कांट्यांतून हात घालून, एकेक करून वेंचावे लागतात. झाडें ज्या मुलखांत, तेथें पाण्याचा ठिपूस नाहीं. हें काम कोणी करावयाचें? तें दासांनीं केलें. झवाया धन्यांच्या देखरेखीखालीं दासांच्या टोळ्या महिनेच्या महिने रानांत राहात आणि चामड्याच्या पिशव्या भरीत.

युरोपास या डिंकाची एवढी निकड कां होती? औषधांत, मिठाईंत व कागदावर त्याचा उपयोग होताच. परंतु मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कापडाचा धंदा. हिंदुस्थानांतून जाणाऱ्या रंगीत चिटांनीं युरोपला वेड लावलें, आणि तीं चिटें आपल्याच देशांत छापावीं असें तेथील कारखानदारांस वाटूं लागलें. छपाईचा रंग कापडावर पसरूं नये, रेघ स्वच्छ उमटावी, म्हणून तो घट्ट करावा लागतो. आणि त्या कामीं या डिंकासारखी वस्तु नाहीं. छपाई वाढली तसा डिंकाचा भाव वाढला. अर्गें आणि पोर्तेंदिक या ओसाड किनाऱ्यावरील ठाण्यांसाठीं फ्रेंच, डच व इंग्रज यांच्यांत अठराव्या शतकाच्या आरंभीं झटापटी झाल्या. १७५८ सालीं इंग्रजांनीं सेनेगलच्या मुखावरील सँ-लुई बेट जिंकलें. त्या मोहिमेची कल्पना सरकारच्या गळीं उतरविणारा टॉमस कमिंग हा क्वेकर पंथाचा व्यापारी होता. शस्त्र न धरण्याचें व्रत घेतलेल्या पंथाचा हा मनुष्य डिंकासाठीं लढाई सुचवितो, यावरून त्या व्यापारांतील नफ्याची कल्पना यावी.

आतां प्रश्न असा कीं, डिंकाच्या बदल्यांत मूर लोकांना द्यावयाचें काय? बंदुका, दारूगोळा, कागद, धान्य, साखर हीं त्यांना हवीं असत. पण सर्वांत वर मान होता तो निळ्या कापडाचा. या कापडास फ्रेंच व्यापारी 'गिने' म्हणत. कोरोमांडल किनाऱ्यावरील विणकर तें विणीत, आणि पाँडिचेरीच्या आसपासचे रंगारी निळींत पुन्हां पुन्हां बुडवून त्यास काळपट निळी झांक आणीत. तेथून तें जहाजानें फ्रान्सच्या बंदरांत जाई, बोर्दोच्या पेढ्यांच्या वखारींत पडे, आणि पुन्हां जहाजांत चढून सँ-लुईस येई. अशा रीतीनें अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेलें हें ठाण वाळवंटांत पुरुषाच्या झग्याचें, फेट्याचें आणि स्त्रीच्या वस्त्राचें रूप घेई. त्याची नीळ अंगास लागे. पण त्याचा कोणास विषाद वाटत नसे, उलट तेंच अस्सलपणाचें लक्षण मानलें जाई.

या कापडाविषयीं मूर गिऱ्हाईक फार चोखंदळ असे. फ्रान्सांत रुआंच्या कारखानदारांनीं त्याची नक्कल केली. परंतु ठाण हातांत घेऊन, चुरगाळून, नाकाशीं नेऊन वाळवंटांतला मनुष्य सांगे कीं हें हिंदुस्थानचें नव्हे. हिंदी निळीचा वास नकली मालास येत नसे. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरच्या गिरण्यांनीं आपल्या देशांतील लक्षावधि विणकरांच्या हातचें काम हिरावून घेतलें, हें आपण शाळेपासून वाचीत आलों. त्याच शतकांत सहाराच्या कांठावरील एक बाजारपेठ हिंदी कापडाशीं इमान राखून होती, ही गोष्ट मात्र आपल्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. अर्थात् नफा विणकराच्या पदरांत पडला असें नव्हे. १८३० च्या आगेमागें फ्रेंच भांडवलदारांनीं पाँडिचेरींत यंत्रावर सूत काढणारी गिरणी उभारली आणि या धंद्याचीं सूत्रें अधिकच आपल्या हातीं घेतलीं.

गिने हें नुसतें वस्त्र राहिलें नाहीं. तें नाणें झालें. अमुक इतक्या ठाणांस अमुक इतका डिंक, असा भाव चाले. उंटाची किंमत ठाणांत सांगितली जाई. लग्नांतील देणें ठाणांत मोजलें जाई. सेनेगल नदीच्या उत्तरतीरावर ठरलेल्या जागीं उन्हाळ्याच्या दिवसांत डिंकाच्या पेठा भरत. वाळवंटांतून डिंक लादलेल्या बैलांचे व उंटांचे तांडे येत; नदींतून सँ-लुईच्या व्यापाऱ्यांच्या होड्या येत. पेठ उघडण्यापूर्वीं त्रार्झा आणि ब्राक्ना येथील अमीरांस व्यापाऱ्यांनीं ठरीव भेटी द्यावयाच्या असत. आपल्या जुन्या शब्दांत बोलावयाचें तर ही दस्तुरीच. अमीराच्या दृष्टीनें ती त्याच्या सार्वभौमत्वाची खूण होती: परका मनुष्य आपल्या भूमीवर व्यापार करतो तो आपल्या परवानगीनें. हळूहळू फ्रेंचांस तीच गोष्ट सलूं लागली.

येथें एक विसंगति आवर्जून सांगितली पाहिजे. १८४८ सालीं फ्रान्सनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें बंद केली. सँ-लुई बेटावर दास मुक्त झाले. अटलांटिक महासागरावरील माणसांचा व्यापार थांबवून त्याच्या जागीं डिंकासारख्या निर्दोष मालाचा व्यापार वाढवावा, असें परोपकारी मंडळी म्हणत. परंतु डिंक वेंचणारे हात कोणाचे? व्यापार वाढला तसे वाळवंटांत अधिक दास आणले गेले, असें या विषयाच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. समुद्रावरचा माणसांचा बाजार उठला. आणि ज्या निर्दोष मालानें त्याची जागा घेतली, त्याच मालानें नदीपलीकडील दास्य अधिक घट्ट केलें.

१८४० च्या सुमारास पेठांत कापडाचा पूर आला, भाव कोसळले, आणि सँ-लुईचे मध्यस्थ व्यापारी बोर्दोच्या पेढ्यांच्या कर्जांत बुडाले. अशा वेळीं १८५४ सालीं फेडेर्ब हा लष्करी अधिकारी सेनेगलचा गव्हर्नर झाला. त्रार्झाचा अमीर मुहम्मद अल्-हबीब यानें १८३३ सालीं नदीच्या दक्षिणेकडील वालो राज्याची राजकन्या न्जेम्बोत हिच्याशीं विवाह करून दोन्हीं तीरांचा संबंध जोडला होता. फेडेर्बनें १८५५ सालीं वालो खालसा केलें, अमीराशीं युद्ध केलें, आणि १८५८ च्या तहानें जुन्या भेटी बंद करून त्यांच्या जागीं डिंकावर शेंकडा तीन जकात ठरविली. वरवर पाहतां हा नुसता हिशेबाचा फरक. पण त्याचा अर्थ असा कीं, जो पूर्वीं यजमान होता तो आतां जकातीचा लाभार्थी झाला. त्यानंतर सेनेगलांत भुईमुगाचें पीक वाढलें, डिंकाचें महत्त्व ओसरलें, आणि नदीचा उत्तरतीर चाळीसेक वर्षें फ्रेंचांच्या दृष्टीआड राहिला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं तिकडे पुन्हां नजर वळली ती झाविए कोपोलानी या अधिकाऱ्यामुळें. कोपोलानी कॉर्सिकांत जन्मला, अल्जीरियांत वाढला. अरबी जाणणारा व मुसलमानी संप्रदायांचा अभ्यासक. वाळवंट तोफेनें नव्हे, सामोपचारानें जिंकतां येईल असें त्याचें मत. हसन सरदारांच्या लुटालुटीला कंटाळलेल्या झवाया विद्वानांस हाताशीं धरावें, हा त्याचा डाव. तो साधलाहि. शेख सिदिया बाबा व शेख साद बू या दोन थोर धर्मगुरूंनीं फ्रेंचांशीं मेळ घेतला. विहिरी सुरक्षित राहतील, तांडे निर्धास्त चालतील, आणि लढण्याचें बळ नसतां लढणें शास्त्रास मान्य नाहीं, अशी त्यांची विचारसरणी होती. १९०३ सालीं त्रार्झा व ब्राक्ना फ्रेंच संरक्षणाखालीं आले. परंतु साद बूचाच भाऊ, प्रख्यात शेख मा अल्-ऐनैन, यानें उत्तरेंतून प्रतिकाराची हांक दिली. एकाच पित्याचे दोन पुत्र, दोघेहि पंडित, आणि एकच प्रश्न: परकीयाशीं जुळवून घ्यावें कीं झुंजावें? आपल्या देशांतहि हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला होता. त्याचें उत्तर देणाऱ्या कोणासच केवळ भेकड वा केवळ वेडा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

१२ मे १९०५ रोजीं तागांत प्रांतांतील तिजिक्जा येथें कोपोलानीवर हल्ला होऊन तो मारला गेला. सामोपचाराचें पर्व संपलें. १९०९ सालीं कर्नल गूरोनें आद्रार घेतलें. १९२० सालीं मॉरिटानिया ही रीतसर वसाहत झाली. तरी शेवटचा प्रतिकार मोडावयास १९३४ साल उजाडलें.

आणि या वसाहतीची राजधानी कोठें? तर सँ-लुई येथें, म्हणजे शेजारच्या सेनेगलांत! नदीपलीकडच्या बेटावर बसून दहा लक्ष चौरस किलोमीटरांचा कारभार हांकला गेला. यावरून राज्यकर्त्यांची वृत्ति ध्यानांत येते. त्यांना या देशापासून उत्पन्नाची फारशी अपेक्षा नव्हती. हवी होती ती शांतता, आणि अल्जीरिया, मोरोक्को व सेनेगल यांच्यामधला निर्वेध मुलूख. शांतता स्वस्तांत मिळविण्याचा मार्ग एकच: जे वर आहेत त्यांना वर राहूं द्यावें. अमीरांस तनखे मिळाले, धर्मगुरूंचा मान राहिला, आणि त्या मोबदल्यांत खालच्यांच्या बेड्यांकडे काणाडोळा झाला. १९०५ सालच्या हुकुमानें फ्रेंच पश्चिम आफ्रिकेंत माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली होती. पण वाळवंटांत अधिकाऱ्यांनीं दासास 'सेवक' असें नांव दिलें आणि कागद निर्मळ ठेवला. कित्येक दास नदी ओलांडून पळाले. कित्येकांना ती वाट सांपडली नाहीं.

दुसरा परिणाम शाळेंतून झाला. मूर घराण्यांची श्रद्धा आपल्या तंबूंतील अरबी विद्येवर. फ्रेंच शाळेंत मूल घालणें त्यांना धर्मसंकट वाटे. नदीकांठच्या कृष्णवर्णी समाजांतील मुलें मात्र तेथें गेलीं, आणि शिक्षक, कारकून व दुभाषे झालीं. म्हणजे संख्येनें व प्रतिष्ठेनें एक समाज पुढें, तर सरकारी कचेरींत दुसरा. २८ नोव्हेंबर १९६० रोजीं मोख्तार ऊल्द दद्दा यांच्या नेतृत्वाखालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां ही पेरणी जमिनींत होतीच. सरकारनें शाळांत अरबी सक्तीची केली, आणि १९६६ सालीं त्यावरून राजधानींत दंगे उसळले. १९८९ सालीं सेनेगलशीं कलह पेटला तेव्हां नदीकांठच्या हजारों कृष्णवर्णी नागरिकांस स्वतःच्याच देशांतून पलीकडच्या तीरावर हांकलण्यांत आलें.

स्वतंत्र राष्ट्रास राजधानीहि नवी वसवावी लागली. १९५८ सालीं समुद्रानजीकच्या वाळूंत नुआकशोतची कोनशिला बसली. झुएरात येथील लोखंडाच्या खाणी परदेशी भांडवलाच्या कंपनीनें काढल्या, आणि १९६३ पासून सुमारें सातशें किलोमीटर लांबीच्या रेल्वेनें खनिज समुद्राकडे जाऊं लागलें. १९७३ सालीं देशानें स्वतःचें नाणें काढलें; १९७४ सालीं खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. परंतु त्याच वर्षांत पावसानें दगा दिला. १९६८ पासून चाललेल्या अवर्षणानें गुरें मेलीं, डिंकाचीं झाडें वाळलीं, आणि तंबूंत राहणारा समाज नव्या राजधानीच्या कडेला झोंपड्यांत येऊन पडला. कांहीं हजार वस्तीच्या हिशेबानें आंखलेलें शहर लाखांच्या वस्तीचें झालें. जें फ्रेंच फौजेला तीस वर्षांत जमलें नाहीं, तें अवर्षणानें थोड्या काळांत केलें. भटक्यांचा देश एका जागीं बसविला.

आणि दास्य? १९८१ सालीं तें पुन्हां कायद्यानें रद्द झालें. पण धन्यास शिक्षेचें भय नव्हतें. तें येण्यास २००७ साल लागलें, आणि २०१५ सालीं तो कायदा आणखी कडक करण्यांत आला. एका देशानें एकच गोष्ट इतक्या वेळां बंद करावी, याचा अर्थ श्रोत्यांनींच करावा. कायदा कागदावर एका दिवसांत उतरतो. पण ज्या माणसापाशीं स्वतःची जमीन नाहीं, गुरें नाहीं, विद्या नाहीं, त्यानें धन्याचा तंबू सोडून कोठें जावें? हरातीन समाजांतील कार्यकर्ते आज हाच प्रश्न न्यायालयांत व सभांत विचारीत आहेत.

साम्राज्यांच्या इतिहासांत गव्हर्नरांचीं नांवें राहतात, तहांच्या तारखा राहतात, बोर्दोच्या पेढ्यांचे जमाखर्चहि राहतात. पाँडिचेरींतला निळींत कोंपरांपर्यंत हात बुडवून उभा असलेला रंगारी, आणि सेनेगलच्या उत्तरेस कांट्यांनीं हात फाडून घेत डिंक वेंचणारा दास, हे दोघे एकाच व्यवहाराचीं दोन टोंकें होते. एकाच्या श्रमानें दुसऱ्याच्या श्रमाची किंमत ठरली, आणि ती किंमत दोघांपैकीं कोणासच मिळाली नाहीं. त्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. एकमेकांचें अस्तित्वहि त्यांना ठाऊक नव्हतें. पाँडिचेरी १९५४ सालीं आपल्या देशांत परत आली आणि तो रंगारी निदान स्वतंत्र देशाचा नागरिक झाला. दुसऱ्या टोंकाच्या माणसाचा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत डिंकाची पुडी सोडतांना त्याची एकदां आठवण झाली, तर आजच्या भाषणाचें चीज झालें असें मी समजेन.